हमालाच्या म्हातारपणाचा हिशोब: फंडात पैसे कुणी कुणी टाकायचे?

मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या घाऊक बाजारात, एखादा हमाल वारला की टोळीतला एक जण वही घेऊन फिरतो. प्रत्येक नावापुढे शंभर, दोनशे, जे ठरलं असेल ते. संध्याकाळच्या आत पैसे घरी पोचतात, कारण त्या घरात चार दिवस थांबण्याइतकंही काही नसतं. लातूर, जालना, परभणी, नांदेड, कुठल्याही बाजार समितीत गेलात तरी ही रीत या ना त्या रूपात सापडते. शिक्षकांच्या, एसटीवाल्यांच्या, जिल्हा परिषद कर्मचाऱ्यांच्या पतसंस्थांमध्ये तिला नाव आणि नियम मिळाले आहेत: सभासद कल्याण निधी, मयत सभासदाचं कर्ज माफ करणारा निधी. वकिलांसाठी तर राज्यात १९८१ पासून कायद्यानेच कल्याण निधी आहे आणि वकीलपत्रावर लागणाऱ्या तिकिटातून त्यात पैसे जमा होतात.

एकाच कामातल्या माणसांनी एकमेकांसाठी काढलेला फंड, ही मराठवाड्याला नवी गोष्ट नाही. तरीही मोंढ्यात साठी ओलांडलेला, गुडघे गेलेला, पाठीचा मणका सरकलेला माणूस झाडूला किंवा सांडलेलं धान्य गोळा करायला येऊन बसलेला दिसतोच. मेलेल्या सोबत्यासाठी एका दिवसात पैसे उभे करणारी हीच माणसं जिवंत, पण काम संपलेल्या सोबत्याला महिन्याला हजार रुपये का देऊ शकत नाहीत? माया कमी पडते असं मुळीच नाही. हिशोब आडवा येतो, आणि तो हिशोब एकदा नीट समजला की फंड, पेन्शन, लेव्ही, ग्रॅच्युइटी या सगळ्या शब्दांमागे काय चाललंय ते कळतं.

मृत्यूफंड चालतो, पेन्शन का बसत नाही

समजा टोळ्या मिळून दोनशे हमाल आहेत. कुणी वारलं की प्रत्येकाने दोनशे रुपये द्यायचे. चाळीस हजार रुपये होतात. वर्षात असे दोन प्रसंग आले तर एका माणसाचा वर्षाचा खर्च चारशे. कुणालाही झेपतो. हे जमतं कारण संकट एका वेळी एकावरच येतं, बाकी एकशे नव्व्याण्णव कमावते असतात, आणि द्यायचं असतं ते एकदाच.

आता त्याच दोनशे जणांनी ठरवलं की साठी झालेल्या सोबत्याला महिन्याला दोन हजार द्यायचे. सुरुवातीला असे पंचवीस जण आहेत. महिन्याला पन्नास हजार लागतील. कमावते एकशे पंच्याहत्तर, म्हणजे प्रत्येकी साधारण दोनशे शहाऐंशी रुपये. जड आहे, पण निभेल. पंधरा वर्षांनी काय होतं बघा. हमालांची पोरं हमालीत येत नाहीत, आणि येऊ नयेतही. माल वाहणारे यांत्रिक पट्टे आणि फोर्कलिफ्ट आले की माणसं कमी लागतात. नवे सभासद आले नाहीत आणि म्हातारे सत्तर झाले, तर महिन्याला एक लाख चाळीस हजार लागतील आणि ते देणारे उरतील एकशे तीस. प्रत्येकी एक हजार सत्त्याहत्तर. तरणा हमाल सरळ म्हणेल, मी माझं लेकरू शिकवू का फंड भरू? त्याचं चुकत नाही. विहिरीचे झरे तेच राहिले आणि काठावरच्या मोटारी वाढत गेल्या तर पाणी आटणारच.

म्हणजे अपघात, आजार, मरण हे थोड्यांवर येतं, ते सगळ्यांनी मिळून उचलता येतं. म्हातारपण जवळजवळ सगळ्यांवर येतं आणि पंधरा-वीस वर्षं राहतं. ते आपापसातल्या वर्गणीवर उचलता येत नाही, त्यासाठी पैसा आधीपासून साठवावा लागतो आणि त्यात कामगाराशिवाय आणखी कुणाचा तरी वाटा यावा लागतो.

इंग्लंडमध्ये हा धडा शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी गिरवून झाला. तिथे विणकरांपासून खाणकामगारांपर्यंत सगळ्यांचे असे परस्पर मदतीचे फंड होते, १७९३ मध्ये त्यांच्यासाठी कायदाही झाला. आजारी माणसाला आठवड्याला काही पैसे द्यायचे, मेल्यावर अंत्यविधीचा खर्च द्यायचा, एवढं त्यांचं काम. पण माणसं जास्त जगायला लागली आणि म्हातारे सभासद कायमचेच ‘आजारी’ राहू लागले. आजारपणाचा पैसा हळूहळू पेन्शन होऊन गेला, आणि त्या बेताने वर्गणी कधी ठरवलीच नव्हती. कितीतरी फंड आतून पोकळ झाले. शेवटी १९०८ मध्ये सरकारला म्हातारपणाच्या पेन्शनचा कायदा करावा लागला. सत्तरी गाठलेल्या गरीब माणसाला आठवड्याला पाच शिलिंगपर्यंत मिळू लागले, आणि त्यात त्याला स्वतःची वर्गणी भरावी लागत नव्हती.

पोत्यावर बसवलेली लेव्ही

मग कामगाराशिवायचा तो वाटा कुणाचा? कारखान्यात उत्तर सोपं आहे, मालकाचा. मोंढ्यात मात्र मालक कोण हेच सापडत नाही. माल शेतकऱ्याचा, दुकान आडत्याचं, खरेदीदार व्यापारी तिसराच, ट्रक चौथ्याचा. हमाल सकाळी एकाच्या दुकानात कट्टे उतरवतो, दुपारी दुसऱ्याच्या गोदामात थप्पी लावतो. प्रत्येक जण म्हणू शकतो की हा माझा नोकर नाही. आणि शब्दशः ते खरंही असतं.

महाराष्ट्राने यावर जो तोडगा काढला तो देशात आगळा होता. मुंबईच्या गोदी-बाजारांत अण्णासाहेब पाटलांनी माथाडी कामगार संघटित केले आणि त्या चळवळीतून १९६९ चा माथाडी, हमाल आणि इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला. कायद्याने मालक शोधण्याचा नाद सोडला. मधे एक मंडळ बसवलं, ज्यात कामगार, मालक आणि सरकार तिघांचे प्रतिनिधी. कामगाराने मंडळात नोंद करायची, काम करून घेणाऱ्यानेही करायची. ज्याच्या दारात पोतं उतरेल त्याने हमाली थेट हातावर न टेकवता मंडळात भरायची आणि तिच्यावर ठरलेली टक्केवारी जास्तीची भरायची. हीच लेव्ही. समजा शंभर रुपयांची हमाली झाली आणि त्या मंडळाची लेव्ही पस्तीस टक्के असली, तर मालकाने एकशे पस्तीस भरायचे. दर मंडळागणिक वेगळा असतो, पस्तीस हा समजण्यापुरता धरला आहे. त्या वरच्या पैशांतून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, भरपगारी रजा, बोनस, दवाखाना आणि अपघाताची भरपाई निघते.

यात मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे की कामगाराने दुकान बदललं तरी त्याचा फंड तुटत नाही. तो आज याच्याकडे, उद्या त्याच्याकडे, पण खातं एकच. फंड माणसाबरोबर चालतो आणि पैसा कामाबरोबर येतो. वकिलांचं तिकीटही याच तत्त्वावर आहे: पक्षकार कुणीही असो, वकीलपत्र दाखल झालं की निधीत भर पडली.

आपल्याकडची अडचण नोंदणीत आहे. मोंढ्यातले परवानाधारक हमाल आणि मापाडी काही प्रमाणात तरी नोंदलेले असतात. पण जिनिंगवर, खताच्या रेक उतरवणाऱ्यांत, खासगी गोदामांत, रोलिंग मिलच्या बाहेर रोजंदारीवर उचलली जाणारी माणसं कितीतरी ठिकाणी कुठल्याच वहीत नसतात. त्यांना रोख हमाली मिळते, संध्याकाळी व्यवहार संपतो, लेव्हीचा प्रश्नच येत नाही. यात कामगारालाही आजचे शंभर रुपये रोख हवे असतात, बोर्डातून, म्हणजे त्या मंडळातून, महिन्याने येणारे नको असतात. आणि माथाडीच्या नावावर काम न करता पैसे उकळणाऱ्या टोळ्यांनी औद्योगिक वसाहतींमध्ये या कायद्याचं नाव इतकं खराब केलं आहे की खऱ्या हमालाने नोंदणीचा विषय काढला तरी व्यवस्थापक दचकतो. ही खंडणी बंद व्हायलाच हवी, कारण तिचा सगळ्यात मोठा फटका पाठीवर पोतं घेणाऱ्यालाच बसतो.

नोंदलेल्या हमालाने दोन गोष्टी जपाव्यात. वर्षाला बोर्डाकडून फंडाची स्लिप मागून घ्यायची आणि ज्या महिन्यांत काम केलं त्या महिन्यांची भर तिच्यात दिसते का ते कुणा शिकलेल्याकडून तपासून घ्यायचं. दुसरी गोष्ट निवृत्तीच्या दिवसाची. फंड आणि ग्रॅच्युइटी एकरकमी हातात पडते, आणि एकरकमी पैसा घरात आला की लग्न, घराचा स्लॅब, पोराची गाडी, जुनं कर्ज असे सगळे हात पुढे येतात. सगळे पैसे अडवून ठेवा असं कुणाला सांगता येत नाही. पण त्यातले तीन लाख जरी पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाकले तरी, गेली काही वर्षं चालू असलेल्या ८.२ टक्के दराने, तिमाहीला सहा हजार दीडशे रुपये व्याज येतं. महिन्याला दोन हजारांवर. मुद्दल शाबूत राहते आणि औषधपाण्यासाठी सुनेपुढे हात पसरावा लागत नाही.

‘फंड उचलून टाक’

वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा, जालन्याची स्टील वसाहत इथल्या कामगाराला मालक शोधावा लागत नाही. वीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला भविष्य निर्वाह निधीचा कायदा लागू होतो. पगाराच्या बारा टक्के कामगाराचे, बारा टक्के मालकाचे. पण मालकाचे बारा टक्के सगळे फंडात जात नाहीत हे अनेकांना निवृत्तीच्या दिवशी कळतं. त्यातले ८.३३ टक्के पेन्शन योजनेत जातात, तेही पंधरा हजार पगाराच्या मर्यादेवर, म्हणजे जास्तीत जास्त १,२५० रुपये. हीच १९९५ ची पेन्शन योजना, जिला सगळे ईपीएस पंच्याण्णव म्हणतात.

तिचं सूत्र पाठ करण्यासारखं आहे: शेवटच्या साठ महिन्यांचा सरासरी पगार, पंधरा हजारांपर्यंतच धरलेला, गुणिले नोकरीची वर्षं, भागिले सत्तर. चौदा वर्षं भरली आणि पगार पंधरा हजार धरला तर बरोबर तीन हजार रुपये महिना. अठ्ठावन्नाव्या वर्षापासून. अट एकच, किमान दहा वर्षांची नोकरी.

इथेच मराठवाड्यातल्या ठेकेदारी कामगाराचं सगळ्यात मोठं नुकसान होतं. दोन-तीन वर्षांनी ठेकेदार बदलतो. कामगार तोच, मशीन तेच, गेट तेच, फक्त कागदावरची कंपनी नवी. अशा वेळी कुणीतरी सांगतं, ‘जुना फंड उचलून टाक, नव्याकडे नवा निघंल.’ फंड उचलताना पेन्शनचे पैसेही काढून घेतले की तेवढ्या वर्षांची सेवा पुसली जाते. असं चार वेळा केलेला माणूस प्रत्यक्षात बारा वर्षं राबलेला असतो, पण पेन्शनच्या खात्यात त्याची दोनच वर्षं दिसतात. दहाची अट हुकली, पेन्शन गेली. म्हणून ठेकेदार बदलला तरी यूएएन, म्हणजे फंडाचा कायमचा नंबर, तोच द्यायचा आणि जुनं खातं नव्यात वर्ग करून घ्यायचं. खरंच काही काळ काम सुटणार असेल तर पेन्शनचे पैसे न काढता सेवेचा दाखला घ्यायचा. त्याला योजना प्रमाणपत्र म्हणतात. पुढे कधीही नोकरी लागली तर जुनी वर्षं नव्यात मिळवली जातात.

या पेन्शनचं दुसरं दुखणं कामगाराच्या हातातलं नाही. ती एकदा ठरली की महागाईबरोबर वाढत नाही. सप्टेंबर २०१४ पासून किमान पेन्शन एक हजार रुपये आहे आणि अजून तेवढीच आहे. किमान साडेसात हजार आणि महागाई भत्ता मिळावा म्हणून आपल्या शेजारच्या बुलढाण्यात पेन्शनर म्हाताऱ्यांनी वर्षानुवर्षं साखळी उपोषण चालवलं. साखर कारखाने, एसटी, सहकारी संस्था यांत आयुष्य घालवलेली ही माणसं आहेत. त्यांची मागणी मला सर्वस्वी न्याय्य वाटते. हजार रुपयांत आज एका माणसाची बीपी-शुगरची औषधं आणि दवाखान्याच्या खेपाही भागत नाहीत.

कोयत्याचा फंड

आता मराठवाड्याच्या दुखऱ्या जागेकडे येतो. दिवाळी झाली की बीडमधून, आणि जालना, परभणी, धाराशिव, लातूर, नांदेडमधूनही, ऊसतोड मजुरांचे ट्रॅक्टर पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकाकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मजुरांची टोळी जमवणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली, ती फेडेपर्यंत तोडायचं. कारखाना म्हणतो आमचा करार वाहतूकदाराशी आहे, वाहतूकदार मुकादमाकडे बोट दाखवतो, मुकादम म्हणतो मी स्वतःच मजूर आहे. मोंढ्यातल्या हमालासारखीच गत, फक्त शेकडो किलोमीटर लांब आणि सहा महिने उसाच्या फडात.

यांच्यासाठी लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे आणि त्याचा पैसा कुठून येतो ते तत्त्व अगदी माथाडीसारखं आहे: गाळल्या जाणाऱ्या प्रत्येक टनामागे कारखान्याने दहा रुपये द्यायचे आणि राज्य सरकारने तेवढेच घालायचे. टनावर लेव्ही बसली, ही मोठी गोष्ट झाली. त्यातून मुलांसाठी वसतिगृहं उभी राहू लागली, आणि ती गरजेचीच आहेत. पण मजुराच्या नावाचं खातं यात नाही. साठीला पोचलेल्या कोयत्याला ‘तुझे इतके टन, तुझे इतके पैसे’ असं कुणी सांगू शकत नाही.

सांगता आलं तर किती होतील? माझा ढोबळ हिशोब असा. एक कोयता दिवसाला दोन टन तोडतो आणि हंगामात एकशे वीस दिवस काम मिळतं असं धरू. दोनशे चाळीस टन झाले. टनाला वीस रुपयांप्रमाणे वर्षाचे चार हजार आठशे. तीस हंगाम, सात टक्के व्याज धरलं तर साधारण साडेचार लाख रुपये होतात. आता दुसऱ्या बाजूने पाहू. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात चौतीस टक्के वाढ झाली आणि दर टनाला ३६६ रुपयांच्या आसपास गेला. त्यावर कारखान्याचे दहा रुपये म्हणजे पावणेतीन टक्के. कंपनीतल्या कामगारासाठी मालक बारा टक्के देतो. ऊसतोडीला तोच न्याय लावला तर टनाला चव्वेचाळीस रुपये होतात, आणि तीस हंगामांत त्याच व्याजाने जवळपास दहा लाख. पोस्टाच्या त्या योजनेत ठेवले तर महिन्याला सहा हजार आठशे. तीस वर्षांत महागाईने त्यांची किंमत बरीच घटलेली असेल हे खरं, पण तोडणीचा दरही तोवर वाढतच राहणार, आणि टक्केवारी दरावर असेल तर फंडही त्याच्याबरोबर वाढेल. दहा रुपयांसारखा ठोक आकडा वाढत नाही, टक्केवारी आपोआप वाढते. दरवाढीच्या पुढच्या करारात संघटनांनी दराइतकाच जोर या कलमावर द्यावा असं मी मनापासून म्हणतो. दरातली वाढ उचलीत जिरते. टनावर, टक्केवारीने, मजुराच्या नावे बसलेला पैसा जिरत नाही.

धंद्यानिहाय फंडाची गरज आणखी एका कारणाने आहे, आणि ते फारसं बोललं जात नाही. सरकारी योजनांचं म्हातारपण साठीला किंवा पासष्टीला सुरू होतं. हमालाची पाठ पन्नाशीच्या आधीच जाते. आता पोतं पन्नास किलोचं झालं, पण आज पन्नाशीत असलेल्याने तरुणपणी क्विंटलचीच उचललेली आहेत. बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला, त्यातल्या अनेक जणी चाळिशीच्याही आतल्या होत्या. शरीर संपणं आणि पेन्शन सुरू होणं यांच्यात दहा, पंधरा, कधी पंचवीस वर्षांची पोकळी आहे. दिल्लीत किंवा मुंबईत बसून सगळ्यांसाठी एकच वय ठरवणाऱ्याला ही पोकळी दिसत नाही. त्या धंद्यातल्या माणसांनी चालवलेल्या मंडळाला ती दिसू शकते, आणि तिथे पंचावन्नला किंवा डॉक्टरांच्या दाखल्यावर त्याही आधी फंड खुला करण्याचा नियम करता येतो. घरेलू कामगारांच्या मंडळाने पंचावन्न पूर्ण झालेल्या बाईला दहा हजारांचं सन्मानधन देण्याची योजना केली, ती याच समजुतीतून. रक्कम तुटपुंजी आहे, वयाची निवड मात्र शहाणपणाची.

कुठलाच फंड नसेल तर

गुढीपाडव्याला साल ठरवणारा सालगडी, टपरीवाला, शिवणकाम करणारी बाई, यांच्या मागे ना बोर्ड ना महामंडळ. सालगड्याला तर बाराही महिने एकच मालक असतो, पण फंडाचं नाव सालाच्या बोलीत निघत नाही. यांच्यासाठी केंद्राच्या दोन योजना आहेत. श्रमयोगी मानधन योजनेत अठरा ते चाळीस वयाच्या, महिना पंधरा हजारांपर्यंत कमाई असलेल्या माणसाला वयाप्रमाणे पंचावन्न ते दोनशे रुपये भरायचे असतात, सरकार तितकेच भरतं आणि साठीनंतर तीन हजार रुपये मिळतात. अटल पेन्शनमध्ये हजार ते पाच हजारांपर्यंतची पेन्शन आपण निवडायची. पाच हजारांसाठी अठराव्या वर्षी सुरू केलं तर महिन्याला दोनशे दहा रुपये लागतात, तिसाव्या वर्षी पाचशे सत्त्याहत्तर आणि चाळिसाव्या वर्षी एक हजार चारशे चोपन्न. दोन्हींत चाळिशी ओलांडली की दार बंद.

भरा, जरूर भरा. पण आकड्याला भुलू नका. महागाई दरसाल पाच टक्के धरली तर तीस वर्षांनंतरच्या तीन हजारांत आजच्या सातशे रुपयांइतकंच सामान येईल. ही योजना एकट्याने म्हातारपण काढून देणार नाही.

बांधकाम मजुरांचं थोडं वेगळं आहे. १९९६ च्या कायद्याने बांधकामाच्या खर्चावर उपकर बसवला, राज्यात तो एक टक्का घेतला जातो आणि राज्याच्या मंडळात जमा होतो. वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला आणि दरवर्षी नूतनीकरण, ही अट. नांदेड-लातूरच्या नाक्यांवर भांड्यांच्या संचासाठी लोकांनी रांगा लावल्या, ते मिळाले आणि पुढे कार्ड नव्याने करायचं राहून गेलं, असं कितीतरी जणांचं झालं आहे. २०२५ मध्ये राज्याने साठी पूर्ण केलेल्या नोंदीत मजुरांसाठी पेन्शन जाहीर केली: दहा वर्षांची नोंदणी असेल तर वर्षाला सहा हजार, पंधराला नऊ हजार, वीस वर्षांना बारा हजार. नोंदणीची वर्षं मोजली जाणार आहेत. भांडी पाच वर्षांत पोचे पडून जातील, पण चुकलेलं एक नूतनीकरण साठीला नडेल.

आणि काहीच नसेल तर पासष्टीनंतर श्रावणबाळ योजनेचे महिन्याला दीड हजार. त्यासाठी दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव तरी हवं, नाहीतर वर्षाचं उत्पन्न एकवीस हजारांच्या आत. म्हणजे महिन्याला साडेसतराशे. कुठल्या घराचं उत्पन्न खरोखर एवढंच असतं? ही मर्यादा बदलली नाही तर तलाठ्याच्या दाखल्यावर खोटं लिहून घेणं हाच गरिबाचा एकमेव मार्ग राहतो, आणि ती त्याची विटंबना आहे.

पतसंस्थेबद्दल एक सावधगिरी. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसतं. बीड आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांत अलीकडच्या वर्षांत मोठ्या पतसंस्था बुडाल्या आणि त्यांत निवृत्त माणसांची आयुष्यभराची पुंजी अडकली. पगारदारांच्या स्वतःच्या पतसंस्थेत धोका तुलनेने कमी असतो, कारण कर्जाचा हप्ता पगारातूनच कापला जातो. तरीही वार्षिक सभेला जा, जेवण करून परत येऊ नका. अहवालात लेखापरीक्षणाचा वर्ग कोणता ते पाहा, नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीत टाकला का ते पाहा, संचालक आणि त्यांच्या नातलगांकडे किती थकबाकी आहे ते उभं राहून विचारा. निवृत्तीची सगळी रक्कम एका संस्थेत ठेवू नका, ती कितीही आपली वाटली तरी.

राहिली बायकोच्या नावाची गोष्ट. कोयता दोघांचा असतो, पण उचल लिहिली जाते नवऱ्याच्या नावावर. फंडाचंही तसंच होतं. ईपीएस पेन्शन नवऱ्यामागे बायकोला साधारण निम्मी मिळते, मानधन योजनेत तीन हजारांचे दीड हजार, अटल पेन्शनमध्ये पूर्ण. पण हे सगळं तेव्हाच, जेव्हा तिचं नाव कागदावर बरोबर असेल. आधारवर सासरचं नाव, फंडात माहेरचं, बँकेत तिसरंच, या फरकापायी विधवा बायका वर्षभर हेलपाटे घालतात. नाव दुरुस्त करायला माणूस जिवंत असताना एक दिवस पुरतो. ऊसतोड मजुरांची नोंद ग्रामसेवकाकडे होते आणि ओळखपत्र मिळतं. या वर्षी फडावर निघण्याआधी ग्रामपंचायतीत जाल तेव्हा कोयत्याचं एक कार्ड घेऊन परतू नका, दोघांची दोन मागा.